मामंजी आणि माझी बेस गिटार

बेस गिटार मी मागून घेतली नव्हती. ती माझ्या वाट्याला आली.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात असेल. मी टेलिफोन खात्यात नोकरी करत होते आणि रविवारी सकाळी सदाशिव पेठेतल्या एका महिला वाद्यवृंदात कोरसला गायला जात होते. तालीम एका शिकवणीच्या वर्गाच्या वरच्या खोलीत व्हायची. आमच्या प्रमुख बाई एका शाळेत संगीत शिकवायच्या आणि वाद्यवृंदात ॲकॉर्डियन वाजवायच्या. बेस वाजवणारी मुलगी लग्न होऊन नागपूरला गेली, तेव्हा बाईंनी मला बाजूला घेतलं.

"तुझा आवाज तसा बेताचाच आहे," त्या म्हणाल्या. "पण तू तालावरून हलत नाहीस. बेस घे. पुढे उभं राहायला माझ्याकडे खूप जणी आहेत, मला मागे उभी राहणारी हवी आहे."

मला वाईट वाटलं, पण मी गिटार घेतली. रिक्षात ती मावेना. तिची मान बाहेर काढून, हाताने धरून मी घरी आले. घरी सासरे वर्तमानपत्र वाचत बसले होते. त्यांना मी मामंजी म्हणायचे. त्यांची सगळी नोकरी खडकवासल्याच्या धरणावर मोटारी आणि दरवाजे सांभाळण्यात गेली होती. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, तरी कुठल्याही यंत्राकडे ते आधी संशयानेच बघायचे. त्यांनी चष्मा वर करून गिटार नीट न्याहाळली.

"गिटारीला सहा तारा असतात ना?"

"ही बेस आहे, मामंजी. हिला चारच असतात."

"असं होय," ते म्हणाले आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं. "मला वाटलं, महिलांसाठी सवलत आहे."

पहिला महिना बोटांचा गेला. बेसच्या तारा जाड, त्या दाबायला जोर लागतो. डाव्या हाताच्या बोटांना फोड आले. पोळ्या लाटतानाही दुखायचं. गिटार इतकी खाली लोंबायची की मनगट दुमडून दुमडून ठणकायला लागलं. शेवटी मी ती घेऊन भवानी पेठेत एका वाद्यं दुरुस्त करणाऱ्या चाचांकडे गेले. त्यांच्या तीन पिढ्या तिथेच सतार, पेट्या आणि बँडवाल्यांची वाद्यं दुरुस्त करत आल्या होत्या. चाचांनी मला आधी स्टुलावर बसवून गिटार मांडीवर घ्यायला लावली, मग तशीच उभी राहायला सांगितलं.

"बघा ताई, बसल्यावर गिटार जिथे असते, तिथेच ती उभं राहिल्यावर असली पाहिजे. पट्टा तेवढा आखूड करा. लोकांना खाली लटकवलेली आवडते, दिसायला छान. पण मनगट तुमचं आहे."

त्यांनी पट्टा रुंद चामड्याचा करून दिला, म्हणजे पदरावरून घसरणार नाही. तारा मानेवरच्या पडद्यांपासून, म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्यांपासून, फार उंच होत्या, त्या खाली आणल्या. निघताना म्हणाले, "तारांचा आवाज मेला की लगेच नव्या घेऊ नका. काढायच्या, दहा मिनिटं पाण्यात उकळायच्या आणि कोरड्या कापडात पुसायच्या. घाम आणि मळ निघतो. दोन-तीनदा तरी चालतं."

मी तसं केलं. एका शनिवारी दुपारी स्टोव्हवर पातेलं चढवून त्यात तारा सोडल्या. मामंजी पाणी प्यायला आत आले, त्यांनी पातेल्यात वाकून पाहिलं.

"आज शेवया वाटतं," ते म्हणाले. "जरा जाड वळल्यात."

तारा पुन्हा लावल्या, तेव्हा आवाज खरंच उघडला होता. मामंजी दारात उभे राहून ऐकत होते. संध्याकाळी माझ्या नवऱ्याला सांगताना मी ऐकलं, "घाण अडकली की कुठलीही गोष्ट बसते. उकळायचं सुचलं, हे चांगलं आहे."

वाजवणं मात्र मला आमच्या ड्रम वाजवणारीने शिकवलं. ती माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान, एका दवाखान्यात नर्स होती. सुरुवातीला मला वाटायचं, गाण्यात जिथे जागा दिसेल तिथे सूर भरायचा. दोन तालमी तिने सहन केलं, तिसऱ्या रविवारी काठ्या खाली ठेवल्या.

"ताई, तुम्ही गाणाऱ्या बाईकडे बघू नका. माझ्या उजव्या पायाकडे बघा."

तिच्या उजव्या पायाखाली मोठ्या ढोलाचं पायडल होतं. तिचा पाय पडेल तेव्हाच सूर, पाय उचलला की तार बोटाने दाबून गप्प. त्या दिवशी आम्ही दोघींनी तासभर एकच गाणं वाजवलं, बाकी कुणी नाही. कधीतरी मध्येच माझा सूर आणि तिचा ढोल असे दोन आवाज ऐकू येईनासे झाले, एकच आवाज येऊ लागला. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि हसली. सूर वाजवणं सोपं आहे, तो वेळेवर बंद करणं अवघड, हे मला तेव्हा कळलं. पुढे ज्यांनी ज्यांनी मला बेसबद्दल विचारलं, त्यांना मी आधी हेच सांगितलं.

मामंजी कार्यक्रमाला यायला लागले ते वारजे गावातल्या एका कार्यक्रमापासून. तेव्हा वारजे खरोखर गाव होतं, चारी बाजूंना शेतं होती. एका शेतकरी कुटुंबात मुलाच्या लग्नानिमित्त अंगणात मांडव घालून आम्हाला बोलावलं होतं. माझ्या नवऱ्याला दुपारची पाळी होती, म्हणून आमच्या लहान मुलीला सांभाळायला मामंजी बरोबर आले. संध्याकाळी पाचला आम्ही वाद्यं लावली आणि माझ्या स्पीकरच्या पेटीतून मोठी घूं सुरू झाली. आमच्या गायिकेने माईकला तोंड लावलं आणि झटकन मागे सरकली. तिच्या ओठाला करंट लागला होता.

सगळ्या घाबरल्या. घरमालक धावत आले. "लाईट तर चांगली हाय बाई. सकाळपासनं मोटर चालू हाय."

मामंजींनी मुलीला ड्रमवालीच्या मांडीवर बसवलं आणि उठले. त्यांनी वायरी हाताने न धरता नुसत्या डोळ्यांनी शेवटपर्यंत तपासल्या. माझा ॲम्प्लिफायर घरातल्या बोर्डावर होता आणि गायिकेचा माईक विहिरीच्या मोटारीच्या बोर्डावर. जमिनीत जाणारी वायर, म्हणजे अर्थिंग, दोन्हीकडे नव्हती.

"एक पहार द्या," ते मालकांना म्हणाले. "आणि बादलीभर पाणी, मीठ घालून."

"आजोबा, पहार कशाला?"

"पुरायला."

मामंजींनी मेन बंद करायला लावला. ओल्या जागी पहार ठोकून घेतली, भोवती मिठाचं पाणी ओतलं, तिला तांब्याची तार घट्ट बांधली आणि ती बोर्डापर्यंत आणली. दोन्ही यंत्रं एकाच बोर्डावर घेतली. मेन चालू केल्यावर घूं थांबली. मग त्यांनी टेस्टर माईकच्या जाळीला लावून पाहिला, दिवा लागला नाही, तेव्हा कुठे गायिकेला खूण केली. कार्यक्रम छान झाला. जेवायला बसलो तेव्हा मालकांनी मामंजींना स्वतः वाढलं.

त्यानंतर त्यांनी एक खाकी पिशवी शिवून घेतली. तिच्यात टेस्टर, फ्यूजची तार, चिकटपट्टी, जास्तीच्या वायरी आणि रबराचा एक तुकडा असायचा. तो माझ्या पायाखाली घालायचे. प्रत्येक कार्यक्रमाला आमच्याआधी ते तयार. स्पीकरची पेटी जमिनीवर ठेवू द्यायचे नाहीत, दोन विटांवर ठेवायला लावायचे. "पोकळ स्टेजवर ठेवलीस तर स्टेजच वाजतं, तू नाही," म्हणायचे. आणि खरंच, विटांवर ठेवल्यावर माझे सूर गढूळ व्हायचे थांबले. संगीत कळत नाही असं ते नेहमी सांगत, पण मी चुकले की त्यांना कळायचं. रिक्षात बसल्यावर एवढंच म्हणायचे, "तिसऱ्या गाण्यात जरा पाणी कमी पडलं."

अकरा वर्षं असं चाललं. मग की-बोर्ड आले. एकच मुलगी डाव्या हाताने बेस वाजवायची आणि उजव्या हाताने बाकी सगळं. प्रमुख बाई स्वतः घरी आल्या, बराच वेळ चहाचा कप हातात धरून बसल्या आणि म्हणाल्या, "तुला कसं सांगू कळत नाही."

"सांगितलंत की," मी म्हटलं.

गिटार आणि ॲम्प्लिफायर त्यांनी मलाच ठेवायला दिले. तोपर्यंत आम्ही वारज्याला फ्लॅटमध्ये राहायला गेलो होतो, तिथलीही शेतं संपत आली होती. गिटार कपाटावर गेली. मी वर बघणं सोडून दिलं.

मामंजींचे कान त्याच सुमारास गेले. आधी कुकरची शिट्टी ऐकू येईना, मग फोनची घंटा, मग आमच्या मुलीचं बोलणं. मशीन आणलं, ते कानात चिरचिर करतं म्हणून त्यांनी खणात ठेवलं. मी ओरडून बोलायचे. ते कपाळाला आठ्या घालून माझ्या तोंडाकडे बघायचे आणि "असू दे" म्हणायचे. हळूहळू त्यांचं बोलणंच बंद झालं. त्यांचे टोमणे ऐकून कधी काळी मला राग यायचा. आता मी त्या टोमण्यांची वाट पाहत होते.

एका दुपारी कपाट हलवायचं होतं म्हणून गिटार खाली काढली. तारांवर गंज होता. पुसता पुसता ॲम्प्लिफायरला जोडून पाहिली आणि पलंगावर बसून एक जुनं गाणं वाजवायला लागले. फक्त बेस, ना शब्द ना चाल. नुसत्या बेसवरून गाणं ओळखणं वाजवणाऱ्यालाच जमतं. अर्धं झालं असेल, तेव्हा मामंजी भिंतीला धरत दारात आले.

"हे दुसरं गाणं," ते म्हणाले. "तुमच्या कार्यक्रमातलं. पहिलं देवाचं झालं की हे असायचं."

मी थांबले.

"वाजव ना. ऐकू येतंय मला."

मी वाजवलं. ते माझ्यासमोर खुर्चीत बसले. मी एकामागून एक वाजवत गेले आणि ते बरोबर सांगत गेले, हे लग्नाचं, हे पावसाचं, हे ती गाणारी नेहमी घाईत म्हणायची ते. मला पुढचं दिसेना, पण बेसला डोळे लागत नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या कानाच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, म्हातारपणी वरचे सूर आधी जातात, खालचे बऱ्याचदा शाबूत राहतात. "तुम्ही ओरडता तेव्हा आवाज वर चढतो, तोच त्यांना ऐकू येत नाही. आवाज खाली आणा आणि सावकाश बोला."

इतकी वर्षं खालचे सूर वाजवून हे मला सुचलं नव्हतं. घरी आले, त्यांच्या जवळ बसले आणि छातीतून, शक्य तितक्या खालच्या पट्टीत विचारलं, "मामंजी, चहा घेणार?"

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "कोणी पुरुष आलाय का घरात?" ते म्हणाले. मी इतकी हसले की मुलगी आतून धावत आली.

त्यानंतर रोज संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर मी अर्धा तास वाजवायचे आणि मग आम्ही बोलायचो. नव्या तारा आणल्या. ड्रमवाली आता नर्सांची प्रमुख झाली होती, ती सुट्टीच्या दिवशी एक छोटा ढोल घेऊन यायची. सोसायटीतल्या तीन बायका गायला बसू लागल्या. मामंजी खुर्चीत बसून वायरींवर लक्ष ठेवायचे.

एकदा आम्ही दोघंच होतो. मी त्यांना विचारलं की इतक्या कार्यक्रमांना ते का आले, कंटाळा नाही आला का.

सासूबाईंना मी कधी पाहिलं नव्हतं. माझ्या लग्नाआधीच त्या गेल्या होत्या आणि मामंजी त्यांच्याविषयी बोलत नसत.

"तिला पेटी शिकायची होती," ते म्हणाले. "धरणावरच्या क्वार्टरमध्ये राहत होतो आम्ही. शेजारी एक मास्तर शिकवायचे. तिने दोनदा विचारलं. मी म्हटलं, कशाला? तिसऱ्यांदा तिने विचारलं नाही."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"विचारलं असतं तर हो म्हटलं असतं का, ते मला माहीत नाही," ते म्हणाले. "खोटं कशाला सांगू."

पुढे ते चार वर्षं होते. शेवटच्या आजारपणात बसवत नव्हतं, तेव्हा मी त्यांच्या पलंगाला टेकून वाजवायचे, आवाज अगदी लहान ठेवून. लाकडातून त्यांच्या पाठीला तो कळायचा. ते डोळे मिटून पडायचे आणि मी थांबले की एक बोट उचलून सांगायचे, अजून एक.