दोन जावा आणि टेबलाखालचा कॉम्प्युटर

भाच्या, समोर बसवून सांगितलं की तू मान डोलावतोस आणि काही ऐकत नाहीस. म्हणून लिहिते, तेही तिऱ्हाइताची गोष्ट म्हणून. बघ ओळखीची वाटते का.

एकजण इस्पितळाचं सॉफ्टवेअर सांभाळायचा. त्यात दोन प्रोजेक्ट. एक औषधांचे डोस काढी, दुसरा रोग्यांची माहिती ठेवी. पहिला तयार करायला दुसऱ्याचा तयार तुकडा लागे, दुसऱ्याला पहिल्याचा. दोन्ही जावा भाषेत लिहिलेले, म्हणून त्याने नावं ठेवली : डोसवाली थोरली जाऊ आणि माहितीवाली धाकटी जाऊ. दोघी दारात अडून, आधी तू, आधी तू.

धाकटीचा कधीकाळी तयार झालेला सुटा तुकडा त्याच्या टेबलाखालच्या जुन्या कॉम्प्युटरवर होता, आणि फक्त तिथेच. तो दाखवला की थोरली हलायची, मग धाकटी. कॉम्प्युटरवर चिठ्ठी होती : 'बंद करू नये.'

हे त्याने मावशीला हसत सांगितलं. आयुष्यभर कॉलेजात गणित शिकवलेल्या मावशीला हसू आलं नाही.

"दोघींना लागतं ते काढून तिसऱ्या घरात ठेव," ती म्हणाली.

"म्हणजे सासू आणू?"

"आण. आणि तोवर त्या तुकड्याची एक प्रत माझ्या कपाटात आणून ठेव."

रविवारी आणतो म्हणाला. पुढे कामाची घाई होती, सासूचं नंतर बघू असं साहेब म्हणाले, आणि त्यालाही ते सोयीचं वाटलं. रविवार येत गेले.

मग कॉम्प्युटरची डिस्क टिकटिक करू लागली. खोली शांत झाली की सगळ्यांना ऐकू यायची. कोणी विषय काढत नसे. तो पाय आखडून बसायचा.

एका दुपारी मुलांच्या वॉर्डातून मोठ्या नर्सबाईंचा फोन आला. डोस दुप्पट दिसत होते. चूक एका ओळीची, दहा मिनिटांत सापडली. त्याने थोरली तयार करायला घेतली. तिने धाकटीचा तुकडा मागितला. तो टेबलाखाली वाकला.

टिकटिक थांबली होती.

डिस्कबरोबर तुकडाही गेला. आता दोघी जावांना सोडवायला तीन आठवडे तरी लागणार होते. तोवर डोस हाताने काढा, असं त्याने फोनवर सांगितलं.

"इथे चाळीस मुलं आहेत," नर्सबाई म्हणाल्या. "आणि पाळीला आम्ही दोघी."

त्या अजून हातानेच काढताहेत.

मावशीच्या कपाटात, साड्यांच्या वरच्या फळीवर एक पाकीट आहे. त्यावर मावशीच्या अक्षरात 'धाकटी' लिहिलंय. आत काही नाही. तो रविवार अजून आलेला नाही.