शंभर वर्षं मागे, दुपारी दोन ते साडेपाच

मला शंभर वर्षं मागे पाठवलं तर तिथे माझा कितपत उपयोग होईल, हे आमच्या घरी एका रविवारी साडेतीन तासांत कायमचं ठरलं.

दोन हजार एकचा मे महिना होता. मी सव्वीस वर्षांचा होतो आणि कोल्हापुरात कॉम्प्युटरचा क्लास चालवत होतो. (चार कॉम्प्युटर होते, त्यांतले दोन चालत होते.) शनिवार-रविवार गावी जायचो. गाव तासाभरावर, शिरोळच्या बाजूला. घरात अण्णा, आई, माझी धाकटी बहीण पद्मा आणि अण्णांची थोरली बहीण गंगूआत्या. आत्याचं वय सत्तर, आवाज तिशीतला. न्हाणीत घसरून तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला होता, त्यामुळे हाताची सगळी ताकद जिभेत उतरली होती.

शनिवारी दुपारी जेवताना विषय निघाला, की आत्ताचा माणूस जुन्या काळात गेला तर काय होईल. मी म्हणालो, "मला संस्थानच्या काळात नेऊन सोडा, महिन्याभरात दिवाण होतो का नाही बघा."

"कशाच्या जोरावर?" आत्यानं विचारलं.

"ज्ञानाच्या! त्यांना वीज ठाऊक नव्हती, मला आहे."

"मग तू तिथं वीज करणार?"

"करणार की."

"कशी?"

"तारेच्या वेटोळ्यात चुंबक फिरवायचं."

"चुंबक कुठनं आणणार?"

मी भात कालवायला लागलो.

"आणि तुझा त्यो कॉम्प्युटर?"

"तो वीज झाल्यावर."

"म्हंजे वीज हुईस्तवर तू बसून खाणार," आत्या म्हणाली. "तसलं दिवाण तवाबी रग्गड हुतं."

दुसऱ्या दिवशी पहाटे अण्णा, आई आणि आमची जवळजवळ सगळी गल्ली ट्रॅक्टरमधून शेजारच्या गावी मूर्तिप्रतिष्ठेच्या पूजेला गेली. मागे राहिलो मी, पद्मा आणि प्लास्टर. बारा वाजता गावची डीपी मोठा आवाज करून उडाली आणि वीज गेली. दीड वाजता दूध निम्मं तापलेलं असताना गॅस संपला. आणि पावणेदोनला फोन वाजला.

निपाणीकडचे पाहुणे होते. पद्माला बघायला यायचं त्यांचं चाललंच होतं. मुलगा पुण्याहून आलाय, उद्या परत जाणार. तेव्हा आजच साडेपाचला येतो, मुलगी बघतो आणि दिवस मावळायच्या आत जेवून निघतो, असं मुलाचे वडील म्हणाले.

"या की!" मी म्हणालो आणि फोन ठेवला. फोन ठेवल्यावर मला गॅस आठवला.

आम्ही जैन. सूर्य मावळल्यावर जेवत नाही. म्हणजे 'जरा उशीर झालाय, थोडं बसा' असं पाहुण्यांना म्हणायची सोयच नाही. त्यात मुलाची आई बाहेरचं काही तोंडात घालत नाही, हे आधीच कळलेलं. आणि मुख्य म्हणजे या मुलाचा फोटो बघून पद्मा "बरा हाय" म्हणाली होती. त्याआधीच्या चौघांना तिनं फोटोतच नापास केलं होतं!

"पुरणपोळी आणि कटाची आमटी करायची," आत्यानं जाहीर केलं. "मागं परड्यात चूल हाय, आड हाय, पाटा हाय. समदं हाय." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "उठा दिवाणजी."

"मी करतो की आत्या," पद्मा म्हणाली. (आमच्याकडच्या मुली अशाच बोलतात.)

"तू न्हाय. डोळ्यांत धूर गेला की लाल हुत्यात. पावणं म्हणतील पोरगी रडकी हाय."

पहिलं काम पाणी. वीज नाही म्हणजे मोटर नाही. आडावरच्या रहाटामागचं विज्ञान मला तोंडपाठ होतं. दोराची गाठ तेवढी अभ्यासक्रमात नव्हती. बादली खाली गेली, पाण्याला लागली आणि दोर एकदम हलका झाला.

"काय वाजलं?" आत्या ओरडली.

"बादली सुटली."

"गाठ कसली मारलीतीस?"

"बुटाच्या नाडीची."

मग मी आईची तांब्याची घागर घेतली. तिला एकावर एक तीन गाठी मारल्या, ओढून बघितल्या आणि सोडली. घागर भरली. मी ओढायला लागलो आणि ओला दोर हातातून असा निसटला, की सगळाच्या सगळा आडात गेला. गाठ मात्र सुटली नाही!

घरात दुसरा लांब दोर एकच होता, म्हशीचा. मी तो सोडून आणला. पद्मानं कळशीला फास घातला, सहा कळशा ओढल्या, पाणी गाळून ठेवलं आणि साडी नेसायला आत गेली. दोर सोडल्यावर म्हशीचं काय करायचं, याचा विचार दोघांनीही केला नाही. तो म्हशीनं केला.

दुसरं काम चूल. जळायला इंधन, हवा आणि उष्णता लागते, हे लिहून मी शाळेत पैकीच्या पैकी मार्क घेतले होते. मी चुलीत लाकडं ठासून भरली. वर माझ्या क्लासची जाहिरातपत्रकं चुरगाळून घातली आणि काडी लावली. पत्रकं भुर्रकन जळाली. (एवढा प्रतिसाद त्यांना कधीच मिळाला नव्हता.) लाकडांनी मात्र नुसता धूर सोडला.

"फुकणी घे, फुंक!" आत्या ओसरीवरून म्हणाली.

मी जोरात फुंकलं. मग दम भरून घेतला. फुकणी तोंडातून काढायची राहिली. चुलीतला सगळा धूर माझ्या छातीत आला.

"मेलास का रं?"

"अजून न्हाय," मी खोकत म्हणालो. शहरातली भाषा तिथंच गळून पडली होती.

शेवटी लाकडांनी पेट घेतला, पण डाळ शिजायला दीड तास लागला. परड्यात एवढा धूर झाला, की मला माझे हात दिसेनात.

"आमटीवर झाकण ठेव रं!"

"कुठाय आमटी?"

"तुझ्याच म्होरं!"

ती सापडली, पण अर्ध्या तासानं. तोवर ती उघडीच उकळत होती.

मिक्सर बंद, म्हणून पुरण पाट्यावर वाटायचं. वरवंटा पाऊण वेळ पुरणावर आणि पाव वेळ माझ्या बोटांवर चालला. पोळ्या पद्मानं आत लाटायच्या, खिडकीतून द्यायच्या आणि मी परड्यात भाजायच्या, असं ठरलं. खिडकीपर्यंत पोळी गोल असायची. तव्यावर पडल्यावर तिचा कुठल्या तरी राज्याचा नकाशा व्हायचा.

बरोब्बर साडेपाचला पाहुणे आले. मुलगा, त्याची आई, त्याचे वडील आणि आमची म्हैस.

"ही तुमचीच न्हवं?" वडील म्हणाले. "वेशीपाशी हुभी हुती. पोरं म्हणाली, तुमचीच हाय. म्हटलं, संगंच न्यावी."

म्हैस घ्यायला मी पुढे झालो. अंगात बनियन, कमरेला पंचा, तोंड काजळीनं काळं, कोपरापर्यंत पुरण. त्यांनी मला खालवर बघितलं आणि म्हणाले, "आचारी, जरा पाणी द्या पावण्यास्नी."

मी खुलासा करायला तोंड उघडलं, तेवढ्यात आत्या म्हणाली, "दे की रं!"

मी पाणी दिलं.

"मुलीचा भाऊ कॉम्प्युटरवाला हाय म्हणं? दिसत न्हाय कुठं?"

"कोल्हापुरात हाय," आत्या पापणीही न हलवता म्हणाली. "लई कामाचा माणूस. सवड गावत न्हाय."

नंतर ती मला म्हणाली, "असल्या अवतारातला भाऊ दाखवला असता तर सोयरीक दारातनंच माघारी गेली असती." त्यामुळे त्या दिवशी मी माझ्याच घरात नोकरीला लागलो. ताटं मांडली, वाढलं, तूप फिरवलं. मुलानं पद्माशी चार शब्द बोलताना मला "जरा बाजूला व्हा" असंही सांगितलं.

मुलाच्या वडिलांनी आमटीचा पहिला भुरका घेतला आणि ते थांबले. मी मागच्या दाराकडे सरकलो.

"आचारी!"

"जी."

"ह्यो धुराचा वास..." त्यांनी वाटी नाकाशी नेली. "माझी आई अशी आमटी करायची. तिच्या माघारी आज गावली."

ते चार वाट्या प्यायले. मग पाचवी मागितली.

"पोळ्या मातूर फाटक्यात," मुलाची आई म्हणाली. ती जेवायला आली होती, आठवणी काढायला नाही.

ऊन उतरत होतं, पाहुणे हात धुऊन सुपारी कातरत होते आणि तेवढ्यात दारात ट्रॅक्टर थांबला. आई उतरली, मला बघितलं आणि सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं ओरडली, "अज्या! तोंड कुठं काळं करून आलास रं?"

मुलाच्या वडिलांनी माझ्याकडे बघितलं, आत्याकडे बघितलं, परत माझ्याकडे बघितलं.

"म्हंजे... ह्योच भाऊ?"

"व्हय," आत्या म्हणाली. "दोन वाजल्यापास्नं आचारी हाय."

खोटं पकडलं गेलं होतं. आता हे उठणार आणि जाणार, असं मला वाटलं. आणि तेव्हा कुणी न बोलावता पद्मा बाहेर आली.

"त्याला ह्यातलं कायबी येत न्हाय," ती म्हणाली. "जल्मात चूल पेटवली न्हाय त्यानं. आज माझ्यासाठी पेटवली."

आधी मुलगा हसला. मग त्याचे वडील हसले, इतके की त्यांना ठसका लागला. शेवटी त्याची आईसुद्धा हसली. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. विचारणाऱ्यांना मी धूर सांगितला.

"पोरगी पसंत हाय," मुलाचे वडील उठता उठता म्हणाले. "आणि आमटीबी."

दिवाळीनंतर लग्न झालं. तेव्हापासून पद्माच्या सासरी काहीही कार्य असलं की मला दोन दिवस आधी फोन येतो. मी कोल्हापुरात काय करतो, हे तिथे अजून कुणी विचारलेलं नाही. गेल्या गेल्या मला परड्यात नेतात आणि चुलीपुढे बसवतात. सुरुवातीला मला वाटायचं, हे माझं कौतुक आहे. मग एकदा पद्माच्या सासूनं खरं कारण सांगितलं. त्यांच्या घरात चूल चांगली पेटवणाऱ्या सात बायका आहेत. पण तेवढा धूर त्यांच्यापैकी एकीलाही काढता येत नाही!