दोन्ही हातांची बेरीज

वरणाची पळी सासूबाईंनी माझ्या हातातून हिसकावून घेतली. जर्मनीतल्या इंगोलश्टाटमधली मराठी मंडळी भाड्याच्या हॉलमध्ये गणपतीच्या जेवणाला बसली होती. सगळे मोटारींचे इंजिनिअर आणि त्यांच्या बायका. मी वाढत होते.

"डाव्या हातानं वाढतेस? तुमच्यात चालत असेल. आमच्यात नाही."

तुमच्यात म्हणजे कोणात, हे कुणी विचारलं नाही. सगळ्यांना कळलं. मी बौद्ध. नवऱ्यानं प्रेमविवाह केला, आणि जर्मनीत आल्यावर म्हणाला, कशाला सांगायचं, आडनाव तर आता माझंच आहे. त्या पंगतीत तो एवढंच बोलला, "सॉरी हं, आई. सवय आहे तिची." माझ्या वतीनं माफी!

मी डावखुरी. ह्याच हातानं विद्यापीठाच्या मैदानावर भाला फेकायचे. पदकं आणायचे, तेव्हा कुणी हात बघितला नाही. इथे मी नवऱ्याच्या व्हिसावर. नोकरीची परवानगी नाही, तेव्हा नियमच तसा होता. माझ्या आईला फोन करायचा तर फोनकार्डही त्यालाच मागायचं. सासूबाई तीन महिन्यांसाठी आलेल्या. दिवसभर दोन खोल्या, आम्ही दोघी आणि त्यांची नजर. रागानं भांडं आपटायचीही सोय नाही, खालची म्हातारी वर येऊन दार वाजवायची.

गुरुवारची संध्याकाळ तेवढी माझी. घरामागच्या फेराइनमध्ये, म्हणजे क्लबात, बायका भाला फेकायच्या. साठीची ब्रिगिटे शिकवायची. माझी पहिली डावी फेक बघून ती ओरडली, "गेनाऊ! अशीच!" तिनंच सांगितलं, बायकांच्या अगदी सुरुवातीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत भाला दोन्ही हातांनी फेकावा लागे. एकदा उजव्यानं, एकदा डाव्यानं. दोन्ही अंतरांची बेरीज करून नंबर काढत. डावा हात नियमात होता! एका शनिवारी क्लबाच्या वर्धापनदिनाला त्या जुन्या नियमानं स्पर्धा होणार होती. तिनं माझं नाव घातलं.

नेमका त्याच शनिवारी घरी सत्यनारायण ठरला. "पूजेला सून घरात नको?" सासूबाई म्हणाल्या. प्रसादाचा शिरा मात्र स्वतः केला. मला म्हणाल्या, तू स्वयंपाकघरात येऊ नकोस, पातेली रिकामी झाली की हाक मारते. नैवेद्याला माझा हात नको, खरकट्याला हवा.

"अहो आई, मी मैदानावर चाललेय," म्हटलं आणि बूट घातले.

नवरा जिन्यापर्यंत आला. "आज नको ना. सगळे येतायत. काय सांगू त्यांना?"

"खरं सांग."

उजव्या हाताची फेक फसली. भाला समोरच आडवा पडला. त्या हाताला मी आयुष्यभर फक्त घास घ्यायला शिकवलं होतं. डाव्यानं फेकलेला सगळ्यांच्या पुढे गेला. ब्रिगिटेनं टेप लावून मोजला. तरी बेरजेत मी खालीच राहिले.

घरी आले तर मंडळी अजून बसलेली. नवरा दारातच हळू आवाजात म्हणाला, "आईची माफी माग आणि विषय संपव. नाहीतर तिच्याबरोबर परत जा. इथे माझ्या व्हिसावर आहेस, विसरू नकोस."

ह्याच भीतीनं मी इतके दिवस गप्प होते. त्यानं ती बोलून दाखवली. आता भिण्यासारखं काही उरलं नाही.

मी आत गेले. पाहुण्यांसमोर उभी राहिले. "मी बौद्ध आहे. सासूबाई त्या दिवशी 'तुमच्यात' म्हणाल्या, ते ह्याच्यासाठी."

एकजण शिऱ्यातला बेदाणा शोधत बसला.

मी नवऱ्याकडे वळून म्हणाले, पाठवायचं तर पाठव. जाईन. ठेवलंस तर हे सांगूनच राहीन, दर पंगतीत, दर दारात. माफी मात्र मागणार नाही. इथे नाही, तिथे नाही. आणि माझ्या वतीनं तूही मागायची नाहीस.