सगळीकडून दिसणारी सुरई
आधी खालाचं सांगते, मग माझं. शेजारच्या हातमागावर बसणाऱ्या खालानं, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या मावशीनं, मालकांनी दम दिला त्या आठवड्यात आपला माग मला दिला नसता, तर मी किनवटकडच्या आमच्या गावी परत जाऊन भाकऱ्या थापत बसले असते.

सातवीतच माझी शाळा सुटली. औरंगाबादेत हिमरू शालींच्या कारखान्यात लागले, पण काढून टाकतील ही धास्ती सदाची. नक्षी आधी चौकटीच्या कागदावर उतरायची, मग मागावर. गोल कोयरीसुद्धा तिथं पायऱ्यापायऱ्यांची. त्या पायऱ्या लपवण्यातच आमची कारागिरी.

वेरूळ बघून आलेल्या एका परदेशी बाईंनी कारखान्याच्या दुकानात एक पुस्तक दाखवलं. कुणी चित्रकारानं सुरई समोरून, वरून, बाजूनं, एकदमच काढलेली. पुढच्या पानांवर त्याच कोनांचे गालिचे, पडदे, कपबश्या. ‘क्युबिझम’, बाई म्हणाल्या. माझ्या मनात आलं, मग आम्ही पायऱ्या लपवतो कशाला?

मी तशी सुरई विणली. मालकांनी नमुना उलटा केला. रंगांच्या मोठ्या तुकड्यांमागं लांब सुटे धागे लोंबत होते.

“बांगडीत अडकून पहिल्याच दिवशी उसवंल ही. अन् सुरई फुटकी कशापायी?”

“फुटकी नाय मालक, सगळीकडून दिसती.”

“लई शहाणी! सोमवारपासून कोयरी, नायतर गावची यष्टी.”

मी रडायला लागले. माझ्या मागावर आता कोयरीच चढणार होती. खालाची शाल मागावरून नुकतीच उतरली होती. नगावर मजुरी, तरी नवी चढवायचं तिनं थांबवलं.

“रोती कायकू? तुकडे मोठे हैं तो और तोड. धागा मधी मधी बांधला जातो. बैठ मेरे माग पे.”

मग मी सुरई आणखी फोडली. मानेचे तुकडे, पोटाचे तुकडे, सावलीचेसुद्धा. मालकांनी नव्या नमुन्याच्या उलट्या बाजूवरून अंगठी फिरवली. कुठंच अडकली नाही.

“मी कोयरी सांगितली होती.”

“कोयरी येती मला. ही बी येती. दोन्ही दुकानात मांडा. नायतर यष्टीचं मीच बघते.”

त्यांनी नमुना घडी करून दुकानातल्या काचेच्या कपाटात ठेवला. मला काढलं नाही.

आता वयानं खालाला कागदावरच्या चौकटी दिसत नाहीत. तिच्या नातीला विणायचंय, घरचे नको म्हणतात. खाला, ती माझ्याच शेजारी बसंल. कोण काय म्हणायचं ते म्हणू दे. तुझं एवढं तरी मी फेडीनच.