साडूभाऊंचे बेडूक

बेडूक दिसला की ज्याचे हात आपोआप जोडले जातात असा माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच असेल, आणि तो नेमका माझा साडू निघाला. मी विमा कचेरीतला कारकून. देवाला हात जोडतानाही माझं निम्मं लक्ष चपलांकडे असतं. हे कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे, देवळाची पायरी चढायचे नाहीत, पण हर्सूलच्या तलावाकाठी चिखलात गुडघे टेकून एखाद्या बेडकापुढे तास तास बसायचे. सासुरवाडीच्या पंगतीत आमची पहिली भेट झाली. मी रीतीप्रमाणे तब्येत विचारली, तर म्हणाले, "साडूभाऊ, बेडूक जन्मभर ओलीत आणि कुजक्या पाल्यात बसतो. तिथं बुरशी माजलेली असते. मग ती त्याच्या अंगाला का लागत नाही?" मला हा प्रश्न आयुष्यात पडला नव्हता. जिलेबी येईपर्यंत त्यांनी उत्तरही देऊन टाकलं: बेडकाच्या कातडीतून प्रथिनांचे बारीक तुकडे पाझरतात, त्यांना पेप्टाइड म्हणतात, आणि ते बुरशीच्या पेशींना भोकं पाडतात. असंच काहीबाही माणसाच्या घामातही असतं म्हणून त्यांनी स्वतःचा दंड पुढे केला, तेव्हा सासूबाईंनी जिलेबीचं ताट पुढच्या पानाकडे वळवलं.

ती टँकरची वर्षं होती. नळाला आठ-आठ दिवस पाणी नसायचं, तलावाला भेगा पडल्या होत्या, आणि शहर मात्र चहूकडे पसरत होतं. साडूभाऊंनी वर्षानुवर्षं जपलेली डबकी बुजून त्यांच्यावर रो-हाउस उभी राहत होती. एका घराच्या पायासाठी खणलेल्या खड्ड्यात ते बेडूक शोधायला उतरले, तर वॉचमननं सळया चोरणारा म्हणून धरून ठेवलं. खिशातून वनखात्याच्या परवानगीचा कागद निघाल्यावर तो बिचारा आणखीच घाबरला. घरी न्हाणीघरात एक बादली कायम झाकलेली असे. आम्ही तांब्याभर पाण्यात आंघोळ उरकतो आणि पाहुणे बादलीत पोहतात, असं मेहुणी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. पण साडूभाऊंनी कधी बेडूक मारला नाही. दोन बोटांनी त्याची पाठ हलकेच चोळायची, पाझरलेला रस शुद्ध पाण्यानं धुऊन घ्यायचा, आणि बेडूक जिथून आणला तिथंच परत सोडायचा. तोही रिक्षानं. "मेंढक छोड़ने जा रैं क्या, सर?" असं रिक्षावाला विचारी, आणि हे त्यालाही पेप्टाइड समजावून सांगत.

पाणी कमी, घाम भरपूर, कपडे धुवायचे ते टँकर आला तर. त्यामुळे घरोघर गजकर्ण झालं होतं. औरंगपुऱ्यात औषधाच्या दुकानासमोर उभं राहून हे अनोळखी गिऱ्हाइकाच्या हातातली मलमाची ट्यूब काढून घेत. असल्या स्टेरॉइडवाल्या मलमानं खाज थांबते पण गजकर्ण आतल्या आत पसरतं, असं त्यांचं म्हणणं. लोक शिव्या देत, दुकानदार हात जोडी. मला वाटे, माणसाला एवढा चेव कशाला? मग एकदा त्यांचे थोरले भाऊ पाहिले आणि समजलं.

दादा अजिंठ्याकडच्या गावात मेंढरं राखायचे. धाकटा शाळेत जावा म्हणून त्यांनी स्वतःची शाळा सोडून काठी धरली होती. कमरेपासून मांडीपर्यंत दोन वर्षांचं गजकर्ण, खाजवून खाजवून सालपटलेलं. चारचौघांत बसायची लाज वाटून ते पार कळपात राहायला गेले होते. साडूभाऊंची सगळी धडपड या एका मांडीसाठी होती.

एका दुपारी त्यांनी दादांना आणि मला प्रयोगशाळेत बोलावलं. दादांच्याच मांडीवरून खरवडलेली बुरशी एका काचेच्या बशीत वाढवली होती. पांढुरकी, कापसासारखी, कडेपर्यंत पसरलेली. मधोमध रसाचा थेंब टाकला होता आणि त्याभोवती स्वच्छ, गोल मोकळी जागा होती. बुरशी तिथवर येऊन थांबली होती. बोटाएवढ्या जिवाच्या घामानं केलेलं ते काम बघून माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू.

"हे माझ्या अंगावरचं?" दादांनी विचारलं. "मंग लाव की."

साडूभाऊंनी दुसरी नळी काढली. दादांच्या मेंढीचं रक्त मिठाच्या पाण्यात घालून त्यात तोच रस टाकला होता. सगळं पाणी लालभडक झालं होतं. "रक्ताच्या पेशी शाबूत असत्या तर खाली बसल्या असत्या, दादा. ह्या फुटल्या. जे बुरशीला फोडतंय, ते आपल्याला बी फोडतंय. उघड्या मांडीवर मी हे नाय लावणार."

"तुझ्या शाळेपायी मी मेंढरामागं गेलो, मास्तर," दादा म्हणाले. "येवढंच मागितलं." आणि चहा न घेता निघून गेले.

गावी जाऊन दादांनी साधा हिशेब केला: औषध बेडकाच्या पाठीत आहे, मग नळ्या कशाला हव्यात? दुष्काळात सापडला तो रांजणामागं बसलेला खरखरीत पाठीचा बेडूक. तो मांडीवर चांगला चोळला. त्या जातीच्या डोळ्यांमागच्या गाठीत विष असतं हे त्यांना कोण सांगणार? मांडी भोपळ्याएवढी सुजली, ताप भरला. साडूभाऊ जीप घेऊन पोचले. आधी दादांनी टोपलीखाली झाकून ठेवलेला बेडूक सोडला, मग दादांना उचललं. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सूज उतरवली आणि गजकर्णाच्या साध्या गोळ्या दिल्या, महिना-दीड महिना न चुकता घ्यायच्या. तेवढे दिवस साडूभाऊ रजा टाकून गावी राहिले. रोज समोर उभं राहून गोळी गिळायला लावली. बुरशी मरावी म्हणून दादांची घोंगडी उकळली, तर ती आटून बसायच्या पटकुराएवढी झाली. दादा त्यावर चार दिवस बोलले नाहीत.

मांडी साफ झाली. दादा पारावर सांगू लागले की मास्तरच्या बेडकानं गुण दिला. साडूभाऊ सगळ्यांसमोर उठून म्हणाले, "नाय. दवाखान्याच्या गोळीनं बरा झाला. माझं अजून व्हयाचंय." असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. दुसऱ्या महिन्यात दादा स्वतः एक मेंढी टेम्पोत घालून शहरात आले. व्हईस्तोवर रक्त नेत जा म्हणाले, आणि पुढची कितीतरी वर्षं येत राहिले. साडूभाऊ त्या पेप्टाइडच्या साखळीतली एकेक कडी बदलत राहिले. दर वेळी रक्त फुटायचं.

दादा गेले त्याला दोन वर्षं झाली. साडूभाऊही निवृत्त झाले, पण कॉलेजनं एक कोपरा त्यांना ठेवू दिला आहे. मागच्या महिन्यात दुपारी फोन करून त्यांनी मला बोलावलं. बशीत तीच मोकळी गोल जागा होती. हे अजून काचेतलंच आहे, माणसापर्यंत जायला वर्षं लागतील, कदाचित पोचणारही नाही, असं त्यांनी आधीच बजावलं. मग रक्ताची नळी खिडकीशी उजेडात धरली.

मला त्यातलं फारसं कळत नाही. तरी म्हटलं, सगळं पहिल्यापासून सांगा. ते सांगू लागले, आणि बोलता बोलता त्यांची शहरी भाषा कुठल्या कुठे गेली.

"हे बघ, लाल समदं खाली बसलंय. वर पाणी कसं निवळ हाय. नाय फुटलं. आता लावलं असतं तुझ्या मांडीला."

इतक्या वर्षांत साडूभाऊ माझ्याशी कधी एकेरीत बोलले नव्हते. मी नळीकडे बघत "व्हय" म्हणालो.