साहेबांच्या घरची कढई

दवाखान्यात तीस वर्षं काढलेल्या बाईला किस्से शोधावे लागत नाहीत. वेचणीला गेलं की ओटीत कापूस साठत जातो, तसे ते साठतात; ओझं किती झालं ते उठताना कळतं! मोताळ्याजवळच्या एका गावात मिशनचा लहानसा दवाखाना आहे, तिथं मी नर्स. दुपारी ओपीडी आटोपली की आम्ही सगळे चहाला बसतो आणि कोणीतरी म्हणतंच, "सिस्टर, साहेबाचं सांगा ना!"

साहेब म्हणजे आर्थरसाहेब. कॅनडाचे, सत्तरी ओलांडलेले. सोबत त्यांची बायको रूथबाई. त्यांच्या चर्चनं त्यांना तीन महिन्यांसाठी आमच्याकडे पाठवलं होतं. दिवाळीच्या चार दिवस आधी आले आणि नाताळ करूनच जाणार होते. मिशनरी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर प्रवचन देणारा गोरा माणूस उभा राहतो. आमचे साहेब जीपमधून उतरले ते पान्या-पक्कडींची पेटी घेऊन! जन्मभर त्यांनी कारखान्यात यंत्रं दुरुस्त केली होती. रूथबाई शाळेत शिकवायच्या.

पहिल्याच संध्याकाळी मी मोठ्या उत्साहानं म्हटलं, "साहेब, यंदा नाताळला गावातला सगळ्यात मोठा तारा तुमच्या दारावर लावू!"

साहेबांनी आधी बायकोकडं पाहिलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "सिस्टर, एक विनंती आहे. आमच्या घरी नाताळ नको. तारा नको, केक नको, गाणी नकोत. तो दिवस गुपचूप जाऊ द्या. एवढं तुम्ही सांभाळा."

मिशनरी, आणि नाताळ नको! हलवायानं साखरेचं पथ्य सांगावं तसंच झालं. मी मान डोलावली, पण मनातून चिडले. मग सात समुद्र ओलांडून आलात कशाला, असं तोंडावर आलं होतं. गिळलं.

*

त्यांच्या क्वार्टरला लागून गोकर्णाकाकूचं घर. पाच एकर शेती, दोन म्हशी आणि गावात कोणाच्या चुलीवर काय शिजतंय याची बित्तंबातमी! त्या साली काकूची सासू वारली होती. आमच्याकडे रीत अशी, की घरातलं माणूस गेल्यावर पहिला सण आला की त्या घरात कढई चढत नाही. तळण नाही, गोडधोड नाही. शेजारीपाजारी आपापल्या घरून डबे घेऊन जातात, जवळ बसतात आणि घरच्या बाईला पहिला घास आपल्या हातानं भरवतात.

दिवाळीच्या दिवशी आम्ही बायका काकूकडे निघालो, तर रूथबाईंनी विचारलं, आम्ही येऊ का? म्हटलं, चला.

मी दारात चपला काढतेय तोवर साहेब पुढं गेले. दोन दिवस घोकलेलं वाक्य त्यांनी हात जोडून, खणखणीत आवाजात म्हटलं, "शुभ दीपावली!"

अख्खी ओसरी गार! एकजण तोंडाला पदर लावून बसली. मला धरणी दुभंगावी असं झालं. काकूच वर पाहून म्हणाली, "बोलू द्या व त्यायले. सहा महिने झाले, जो येते तो रडाचंच बोलते. हा एक तरी गोड बोलला!"

परत येताना रूथबाईंनी विचारलं, "तिथं कोणीच काही बोललं नाही. काय म्हणायचं असतं?"

"काही म्हणायचं नसतं," मी म्हटलं. "घास भरवायचा आणि बसायचं."

घरी पोचताच त्या सरळ आत निघून गेल्या. मला वाटलं, थकल्या असतील.

*

साहेबांनी आठवडाभरात दवाखान्याच्या सगळ्या खाटांची कुरकुर बंद केली. मग पाण्याची मोटर. मग बातमी फुटली! सकाळी ओपीडीला दोन रांगा लागू लागल्या, एक डॉक्टरांकडे आणि एक साहेबांकडे. दुसऱ्या रांगेत फवारणीचे पंप, शिलाई मशीन, एकदा तर पिठाच्या गिरणीचा पट्टा घेऊन दोघंजण उभे! डॉक्टर मला म्हणाले, "सिस्टर, माझ्या रांगेतला पेशंट त्या रांगेत गेला. म्हणतो, पोट नंतर दाखवतो, आधी पंप दाखवतो."

एक म्हातारे शेतकरी पंप पुढं ठेवून फार सावधपणे मला म्हणाले, "बाई, साहेबाले सांगा, देवाचं काई सांगू नका म्हणा. आमच्या घरी आमचा देव हाये. फकस्त वायसर बसवून द्या."

मी घाबरत घाबरत साहेबांना हे जसंच्या तसं सांगितलं. साहेब खो खो हसले. "त्यांना सांगा, काळजी करू नका. मला फक्त वायसरच बसवता येतो!"

*

रूथबाईंना आठवडी बाजाराचं वेड. मोताळ्याच्या बाजारात पहिल्यांदा नेलं तेव्हा भाजीवालीनं वांगी तोलून दिली आणि सवयीप्रमाणे वर कोथिंबिरीची काडी टाकली. चार दुकानं पुढं गेल्यावर रूथबाईंना पिशवीत ती कोथिंबीर दिसली. झालं! ही आपण घेतली नाही, चुकून आली, परत करायला हवी. उन्हात मागं फिरलो. भाजीवालीनं ती पुन्हा पिशवीत टाकली, यांनी पुन्हा काढली. तिनं टाकली, यांनी काढली. पाहायला गर्दी जमली.

शेवटी भाजीवाली माझ्यावर खेकसली, "सिस्टरबाई, हिले समजून सांगा ना! कोथमीर इकत नसते. देत असते!"

मी ते सांगितल्यावर रूथबाईंनी ती काडी परत पिशवीत ठेवली. "म्हणजे मागितलं नसताना द्यायचं?" त्यांनी विचारलं.

"हो. आणि परत करायचं नाही," मी म्हटलं. उन्हानं माझं डोकं तापलं होतं.

*

आता हा किस्सा नाही, पण याच्याशिवाय पुढचं सांगता येत नाही.

डिसेंबर लागला. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी उपासनेनंतर गाणारी मंडळी कोणत्या घरी कधी जाणार याची यादी वाचली. दरवर्षी पेटी, ढोलकी घेऊन आम्ही घरोघर नाताळची गाणी म्हणत फिरतो. यादीत पहिलं घर साहेबांचं! मी तशीच तणतणत रूथबाईंकडे गेले. म्हटलं, आता मी लोकांना काय सांगू? तुम्हाला आमची गाणी कमी वाटतात का?

रूथबाईंनी स्वेटरच्या खिशातून एक फोटो काढला. दोघं नवरा-बायको आणि मध्ये लेक, बापाच्या उंचीची, हसरी.

"ही एमिली. एकुलती एक. जानेवारीत गेली," त्या म्हणाल्या. "आजार मोठा होता. आमच्याकडे नाताळचा केक तीच करायची. मी नुसत्या मनुका निवडायचे."

मी खाली बसले. स्वतःची इतकी लाज मला कधीच वाटली नव्हती.

"तिकडे सगळ्यांना ठाऊक आहे. दुकानात गेले तरी माणसं आधी चेहरा पाडतात आणि मग बोलतात. मला ते सोसत नाही. इथं मी नुसती एक म्हातारी परदेशी बाई आहे. सिस्टर, कोणाला सांगू नका. पाळकांनाही नको. इथंही कोणी माझ्याकडे तसं पाहिलं, तर मी दुसऱ्या दिवशी निघेन. आणि घरी जाऊन त्या दिवशी त्या टेबलाशी बसणं मला जमणार नाही."

मी बायबलवर हात ठेवला नाही, पण शब्द दिला. तीस वर्षं पेशंटांची गुपितं पोटात ठेवलीत. हे एक जड होतं, पण ठेवलं.

*

गुपित ठेवायचं म्हणजे खोटं बोलायचं, आणि खोटं बोलायला मी कच्ची! पाळकसाहेबांनी गाण्याच्या मंडळीचं पुन्हा विचारलं, तर मी सांगून मोकळी झाले, "साहेबांना खोकला आहे. डॉक्टरांनी गर्दी नको म्हटलंय. ते घर यंदा सोडा."

मला वाटलं, मिटलं. पण पाळकसाहेब पडले मायाळू! रविवारी त्यांनी अख्ख्या मंडळीला उभं केलं आणि साहेबांच्या खोकल्यासाठी प्रार्थना सुरू केली. दहा मिनिटं झाली. म्हाताऱ्या बायका डोळे पुसू लागल्या. साहेब त्या दिवशी चर्चला आले नव्हते, त्यामुळे आजार बळावला अशी सगळ्यांची खात्रीच पटली.

आमेन म्हणून बाहेर आलो, तर समोर दवाखान्याच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीला टेकून, आर्थरसाहेब! अर्ध्या बाह्यांचा शर्ट, हातात हातोडा, तोंडानं शीळ. आम्ही सगळे स्वेटर-कानटोप्यांत. मंडळी वर पाहतेय, मी खाली जमिनीकडे.

पाळकसाहेब गहिवरून म्हणाले, "पाहा! आमेन म्हणेपर्यंतही थांबावं लागलं नाही!"

देवानं मला माफ केलं असावं. पाळकसाहेबांना खरं कळलं तर ते करतील का, ठाऊक नाही.

*

नाताळचा दिवस उजाडला. गावातल्या ख्रिस्ती घरांवर तारे, घराघरांतून करंज्या-शेवेचा वास. साहेबांचं दार कोरं. सकाळच्या उपासनेला दोघं मागच्या बाकावर बसली आणि शेवटच्या गाण्याआधी उठून गेली. मी पाहिलं, रूथबाईंनी भिंतीला हात टेकला होता. मनात म्हटलं, अजून अर्धा दिवस. एवढा सरला की झालं.

दुपारी त्यांना वरण-भात द्यायला गेले. साहेब टेबलाशी एक बिघडलेला पंखा उघडून बसले होते. रूथबाई खिडकीशी. इतक्यात दारात चपलांचा आवाज झाला.

गोकर्णाकाकू! मागं गल्लीतल्या सहा-सात बायका. प्रत्येकीच्या हातात डबा, डोक्यावर पदर. कोणी हसत नव्हतं, कोणी "हॅपी ख्रिसमस" म्हटलं नाही. एकेक आत आली आणि भिंतीला टेकून खाली बसली.

रूथबाई आता बॅग भरणार! मी काकूला दारातच धरलं आणि हळू आवाजात विचारलं, "काकू, तुमाले कोनं सांगतलं?"

"सांगाले कायले पाह्यजे?" काकू म्हणाली. "चार दिवसांपासून पाहून राह्यली ना मी. ह्यायचा एवढा मोठा सण, अन् घरात तळणाचा वास नाई. एक दिवस कढई चढली नाई. कोनी तरी गेलं असल. त्याबिगर कोनी असं करते काय?"

मी तोंड उघडलं. म्हणजे, सांगायला हवं होतं मला. की काकू, यांच्याकडे सणाला कढई चढतच नाही. तिकडे करंज्या नसतात, केक असतो, तो भट्टीत भाजतात. घरात सगळी सुखरूप असती, तरी तुला तळणाचा वास आला नसता!

तोंड मिटलं.

रूथबाई खिडकीशी उभ्या होत्या. त्यांनी भिंतीशी बसलेल्या बायका पाहिल्या, डबे पाहिले. दिवाळीत काकूच्या ओसरीवर त्या स्वतः तशाच बसल्या होत्या. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी नुसती मान हलवली, मी नाही सांगितलं. त्या हळूहळू आल्या आणि काकूसमोर खाली बसल्या. गुडघे दुखायचे त्यांचे, तरी जमिनीवर बसल्या. साहेबांनी हातातला पेचकस खाली ठेवला.

काकूनं डबा उघडला. पुरणपोळी होती. पण घास मोडायच्या आधी तिनं रूथबाईंकडे पाहत तळहात जमिनीपासून हातभर वर धरला, लहान लेकरू दाखवतात तसा. रूथबाईंनी नकारार्थी मान हलवली. काकूनं हात कमरेएवढा नेला. पुन्हा मान हलली. काकूनं हात खांद्याशी नेला आणि थांबली.

मग रूथबाईंनी आपला हात उचलला. खांद्याच्या वर, कानाच्या वर, डोक्याच्याही वर, पोचेल तितका उंच. तिथंच धरून ठेवला.

"लय उंच होती व माय," गोकर्णाकाकू म्हणाली आणि पहिला घास रूथबाईंच्या तोंडाशी नेला.