पाट्यासाठी वाढवलेलं इंजिन

कुवेतची लढाई सुरू झाली तेव्हा मी सौदीत, जुबैलच्या एका गॅरेजात कामाला होतो. सायरन वाजला की सगळ्यांच्या आधी टेबलाखाली मीच. सातवीत शाळा सोडलेली, भूगोल बेताचा; तरी कुवेत नकाशावर आपल्यापासून किती बोटं लांब आहे, तेवढं पाठ होतं.

त्याच दिवसांत आमच्या ओळखीचे मराठी डॉक्टर एक दांडगी टूरिंग मोटरसायकल घेऊन दारात उभे राहिले. घाईने मायदेशी निघालेल्या एका गोऱ्याकडून ती घेतली होती. वहिनी आणि मुलगी शेजाऱ्यांच्या गाडीतून लढाईपासून लांब हुफूफला, मित्राच्या रिकाम्या घरात राहायला जाणार होत्या. सामानाचं मात्र अडलं होतं. पिकअप होत्या तेवढ्या सैन्याच्या कामावर, आणि डॉक्टरांची रजा रद्द. सामान पोचवायचं नि दुसऱ्या सकाळी हॉस्पिटलात हजर व्हायचं.

"मागे ट्रेलर जोडू," ते म्हणाले. "काय इंजिनीअरसाहेब, जमेल?"

इंजिनीअरसाहेब म्हणजे मी. आदल्या वर्षी टायफॉइडने आडवा झालो तेव्हा कफील, म्हणजे माझा अरबी मालक, मला घरी पाठवायला निघाला होता. डॉक्टरांनी त्याची समजूत घातली, आणि मी उभा राहीपर्यंत वहिनींकडून मऊ भात नि चिमूटभर चटणीचा डबा येत राहिला. आता यांना नाही कोणत्या तोंडाने म्हणायचं?

लोखंडी अँगलचा ट्रेलर केला, पण पुलाच्या चढावर रिकाम्या ट्रेलरनेच गाडी धापा टाकू लागली. मग इंजिन उघडलं. सिलिंडर बोअर करून, म्हणजे आतून रुंद करून आणले, मोठे पिस्टन बसवले, कार्बोरेटरचे जेट बदलले, मागच्या चाकाचं दातेरी स्प्रॉकेट मोठं घातलं. वहिनींना विचारून भार ठरवला होता: कपडे, गाद्या, थोडी भांडी.

"थोडी म्हणजे किती?" मी विचारलं होतं.

"संसाराला लागतात तेवढी," त्या म्हणाल्या. माझी चूक इथेच झाली. मी पुढे विचारलं नाही.

नवे पिस्टन घासून बसेपर्यंत गाडी हळू चालवावी लागते, नाहीतर ते जागीच धरतात, जाम होतात. सवड नव्हती, म्हणून मी डॉक्टरांना बजावलं, "चाळीसच्या वर न्यायची नाही."

"म्हणजे ताकद वाढवलीस, ती हळू जायला?"

मागे मी बसलो. डॉक्टरांनी हॉस्पिटलातून आणलेल्या, विषारी वायूपासून वाचवणाऱ्या मास्कची पिशवी माझ्या गळ्यात होती. मास्क मी शर्टात कोंबला होता, पिशवीत नट खोलायचे पाने होते. रस्त्यावर रणगाडे वाहणारे ट्रक आम्हाला मागे टाकत गेले. मग उंट भरलेली एक पिकअपही गेली. उंटांनी वळून वळून पाहिलं.

"ओळख दे त्यांना," डॉक्टर म्हणाले. "वर्गमित्र असतील."

मला हसू येईना. इंजिन तापत होतं. जानेवारीचा गार वारा तोंडावर आणि पायाला भट्टीची धग. मनात एकच, पिस्टन घट्ट झाले, बोअर चुकलं, आता मधल्या वाळवंटात गाडी धरणार आणि उद्या हॉस्पिटलात डॉक्टर नसणार, ते माझ्यामुळे. दर थोड्या वेळाने गाडी थांबवून मी सिलिंडरजवळ कान नेत होतो.

"नाडी लागते का?" डॉक्टर विचारायचे.

चेकपोस्टवर शिपायाने ट्रेलर उघडायला लावला. एक गादी त्याला उचलेना. दुसऱ्याला बोलावलं, दोघांनी मिळून उलगडली. आत दगडाचा पाटा, वर वरवंटा. शिपाई दोन पावलं मागे सरकला.

डॉक्टरांनी आपल्या मोडक्या अरबीत सांगितलं की हे जेवणाचं हत्यार आहे. मी खाली बसून वरवंटा पाट्यावर फिरवून दाखवला. शिपाई पोट धरून हसला. "यल्ला, यल्ला," म्हणत त्याने निघायची खूण केली.

मला रडू यायचं बाकी होतं, पण सुटकेचं. बोअर बरोबर होतं; गाडी तापत होती ती या दगडाच्या वजनाने. "साहेब, हा इथेच ठेवू. इंजिन वाचेल."

"इंजिन तू दुसरं करून देशील," ते म्हणाले. "पाट्याशिवाय घरात पाऊल ठेवलं तर मला कोण वाचवील? बांध."

मग पंधरा मिनिटं चालायचं, दहा मिनिटं थांबायचं, असं करत हुफूफ गाठलं. वहिनी फाटकात उभ्या होत्या. डोळे लाल, पण तोंडाने म्हणाल्या, "चालत आलात का?" आणि मग, "पाटा फुटला नाही ना?"

"मिक्सर होता ना वहिनी," मी म्हणालो.

"मिक्सरच्या चटणीवर तू बरा झाला असतास का?"

हात धुवेपर्यंत आतून वाटण्याचा आवाज येऊ लागला. जेवून निघताना त्यांनी लसणीच्या चटणीचा डबा दिला. ट्रेलरमध्ये आदळून सांडला असता, म्हणून पाने तिकडे टाकले आणि डबा मास्कच्या पिशवीत ठेवला. रिकामा ट्रेलर ओढत गाडी निमूट निघाली. धग कमी होती. चेकपोस्टवर तोच शिपाई होता. त्याने हाताने वाटण्याची खूण केली आणि वाट सोडली.

सकाळी डॉक्टर वेळेवर हॉस्पिटलात होते. तिथे सगळ्यांना त्यांनी सांगितलं की इंजिनीअरसाहेबांचं इंजिन उत्तम आहे, फक्त उंटांच्या मागे राहतं.